समक्ष पाहणी

साक्रीहून पहिली एसटी, मग दुधाच्या टेम्पोत उभ्यानं,
बंधाऱ्यापासून पुढं पायवाट.
पायवाट असं सुकलाल ठेलारी म्हणतो,
मला नुसती कुसळं दिसतात.
तो साठीचा, पायात टायरच्या चपला.
मी इथली तलाठी, बदलून आल्याला चार महिने,
पिशवीत नकाशा, टेप आणि त्याचा अर्ज :
'आमचा जन्म तिथला, असा दाखला मिळावा.'

नकाशात तिथं काही नाही.
गटाला नंबर आहे, नावाच्या जागी रेघ.

पहिल्याच टेकाडावर मला धाप लागली.
सालईखाली थांबलो. सावली म्हणजे
चाळणीतून सांडलेलं ऊन.
'हाई ते काहीच नही, मॅडम,' तो म्हणाला,
'आम्हनी माय डोकावर हंडा लिसन चढे.'
मी बाटलीचं झाकण घट्ट केलं.

वर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते.
वाडी म्हणजे
गुडघाभर दगडांचे सोळा चौकोन.
एकातून अंजन उगवलाय,
एकात साळिंदराचा काटा, काळापांढरा, ताजा.
छपरं त्यांनी जातानाच नेली, घोड्यांवर लादून.
आधी झरा आटला की आधी वनखात्याची तार आली,
यावर सुकलाल दोनदा दोन बोलला.
मी दोन्ही लिहून घेतलं.

'हा म्हाळूबाचा. हा भिकाचा. इथं कोकरं कोंडायचो.
हा आपला.'
मी भिंत ओलांडून आत गेले, टेप धरून.
तो वळसा घालून गेला, जिथं दार होतं तिथून,
आणि नसलेल्या चौकटीखाली
किंचित वाकला.
मी परत बाहेर आले.
दारातून गेले.

नऊ बाय अकरा फूट.
त्यात माणसं किती? 'आठ. आन् आजारी मेंढी राही ती.'

जेवायला कळण्याची भाकर, त्याचीच,
माझा डबा तसाच राहिला.
मग त्यानं तो दगड दाखवला.
वाडग्याच्या तोंडाशी, काळा, मधे बशीसारखा खोल,
टाकीचा एक घाव नाही.
'मीठ ठेवायचो यावर. जिभांनी खोल केलाय.'
बोट फिरवून त्यानं जिभेला लावलं.
'खारट हाये आजून.'

पस्तीस पावसाळे गेलेत यावरून. मी काही बोलले नाही.
तो विहिरीकडं गेला, म्हणजे विहिरीच्या खड्ड्याकडं,
तेव्हा मीही बोट फिरवलं.
खारट लागलं.
दिवस चैत्राचा, चढ दोन तासांचा,
बोट माझंच.

पुराव्याच्या रकान्यात
रेशनकार्ड, घरपट्टी, शाळेचा दाखला, इतर.
'इतर'पुढं अर्धा इंच जागा असते.
तिच्यात मावेल एवढं बारीक लिहिलं :
दगड एक, मेंढ्यांनी चाटलेला.
पंच म्हणून सुकलालच्या पुतण्याची सही लागेल,
तो सुरतेला असतो.

उतरताना बंधाऱ्याजवळच्या शेतातून
कांदे काढणारी एक बाई ओरडली,
'सापडनं का काही तठे?'
सुकलालनं माझ्याकडं पाहिलं.
मी मोज्यातली कुसळं काढत होते.
एकेक. ती सरळ निघत नाहीत.