तिसरा खण

एक्केचाळीस दिवसांत बांधली तिला.
लेकरालासुद्धा नऊ महिने लागतात, म्हणत
ओडेसा प्रूइट पोलादाला शिवण घालत होती
रिचमंडच्या गोदीत, रात्रपाळीला,
डोळे काळ्या काचेआड, हातमोज्यांना भोकं.
बोटीचं नाव ठेवलं थॅडियस क्रोल.
हा क्रोल कोण, गोदीत कुणाला सांगता येईना.
कुणी म्हणे न्यायाधीश, कुणी म्हणे मधमाश्या पाळायचा.
शॅम्पेनची बाटली पहिल्या फटक्याला फुटली नाही.
दुसऱ्यालाही नाही.

मी तिच्या इंजिनाला तेल घालायचो.
मागच्या शतकाच्या आराखड्याचं यंत्र, जात्यासारखं घरघरायचं;
ताशी अकरा मैल, तेही वारा पाठीशी असला तर.
आधी गहू नेला, मग खेचरं,
मग एक खेप नुसत्या बुटांची, सगळे डाव्या पायाचे.
उजवे दुसऱ्या बोटीवर होते.
ती पोचली की नाही, आम्हाला कळलं नाही.

मग बाल्टिमोरला सुतार चढले.
तिसऱ्या खणात पाइपांच्या चौकटी, चौकटींवर ताणलेलं कॅनव्हास,
एकावर एक पाच माणसं.
प्रत्येकाच्या नाकाशी वरच्याची पाठ,
सगळ्यांत वरच्याच्या नाकाशी पोलाद.
साडेपाचशे पोरं. संडासांना दारं नाहीत.
खेचरांचा वास घासून गेला नव्हता;
दोन दिवसांनी तो खेचरांचा की कुणाचा, ओळखू येईना.

ऑर्विल हॅग्लंड, नॉर्थ डकोटाचा, सगळ्यांत खालची खाट.
त्याच्या उशाशी पत्र्यांच्या सांध्यात
जुन्या खेपेचे चार दाणे अडकले होते.
एक रुजला.
पाइपाला सुटलेला घाम आणि जाळीतला पिवळा दिवा, एवढ्यावर.
कोंब पांढरा, आजारी पोराच्या करंगळीसारखा.
ऑर्विल रोज टोपणभर पाणी घालायचा
आणि मी दिसलो की विचारायचा,
वर हवा कशी आहे?
जशी काही त्याची पेरणी खोळंबली होती.

अकराव्या रात्री भोंगा झाला.
पाणबुडी असली की खणांची दारं बाहेरून बंद करायची,
तसा हुकूम होता.
तिसऱ्या खणाचे आठ खटके मी फिरवले.
आतून आवाज आला नाही.
साडेपाचशे माणसांचा आवाज न येणं
मी हाताला लागलेल्या लोखंडातून ऐकलं.

काही झालं नाही.
तासाभराने उघडलं तेव्हा कुणी माझ्याकडे बघेना.
फक्त ऑर्विल म्हणाला, वीतभर झालाय.

ल हाव्रला उतरताना, पाठीवर ओझं, रांग ढकलतेय,
तो वळून काहीतरी ओरडला. पाणी, एवढंच ऐकू आलं.
मी एकदा घातलं.
मग बॉयलरला गळती लागली, मग चार दिवस झोप नाही,
मग तिसऱ्या खणात जखमी आले, फक्त खालच्या दोन खाटांवर,
वर चढता येण्यासारखं कुणी नव्हतं.
त्याआधी नळीने जंतुनाशक मारून खण धुतला होता.
कुणी धुतला, मी विचारलं नाही.

युद्ध संपल्यावर सुसून उपसागरात
दहा बोटींच्या रांगेत तिला दावणीला बांधली.
कोरियासाठी एकदा सोडली, पुन्हा बांधली.
शेवटी काओशुंगला वजनावर विकली, भंगाराच्या भावाने.
तिथल्या भट्टीवाल्यांनी कापली असेल;
ओडेसाची शिवण कापायला त्यांना वेळ लागला असावा.
असं मला वाटतं. खरं-खोटं माहीत नाही.

आता अ‍ॅस्टोरियात राहतो. स्वयंपाकघराच्या दाराला कडी लावत नाही;
बायको होती तोवर ती उठून लावायची.
नॉर्थ डकोटाला कधी गेलो नाही.
एकदा गाडी तिथून गेली, रात्रीची.
काचेवर कपाळ टेकून बसलो होतो.
बाहेर काय पेरलं होतं, दिसलं नाही.