तीन वाजता

ठरलं होतं तीन वाजता.
आकडाच तो, त्यात काय समजावायचं,
म्हणून मी, दुभाष्यानं,
तीनला तीनच म्हटलं.

यिर्गाचेफेत सूर्य उगवतो बारा वाजता.
तदेलेचनं कोवळ्या उन्हात गवत अंथरलं,
बिया भाजल्या.
पहिली कॉफी, दुसरी,
आशीर्वादाची तिसरी
रिकाम्या स्टुलासमोर निवत गेली.

डेन्मार्कचा यस्पर आला उन्हं कलताना,
मिनिटाचाही उशीर न करता.
तोवर न्यूयॉर्कात
पौंडामागे चार सेंट उतरले होते.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

करारावर तिनं तारीख घातली,
त्याच्या सालाहून सात वर्षं मागची.
तो म्हणाला, चुकलंय.
ती म्हणाली, हो, पण कुणाचं?

या खेपेला मी काहीच सांगितलं नाही.
खाली बसलो,
निखाऱ्यांवरची राख फुंकत.