कोपऱ्यातला धागा

आधी कोरडं काम, सगुण.
पाण्याला हात लावायच्या आधी व्हॅक्युम,
उभा फिरव, मग आडवा, मग परत उभा.
गालिच्यात निम्मी तर नुसती धूळ असते,
ओली केलीस की तिचा चिखल होतो
आणि चिखलाचे पैसे कुणी देत नाही.

हे त्याला गाडीतच सांगितलं होतं,
बोरीच्या पुलावर, मागे मशीन खडखडत असताना.
लोटलीला पोचलो तेव्हा दहा वाजले असतील.
चवथ होऊन गेलेली, पाऊस ओसरलेला,
म्हणजे आमचा सीझन:
चार महिन्यांची बुरशी, कुबट सोफे,
लिस्बनहून यायचे असलेले पाहुणे.

दोना एर्मिंदा दारातच म्हणाल्या,
"सांबाळून रे पुता. रेशीम तें.
म्हज्या शापायन ओर्मुझाहून हाडलें."

सोफ्याचे हात आधी घेतले.
माणूस हात टेकतो तिथे कापड काळं पडतं.
तो मळ नव्हे, तेल आहे, तीस वर्षांचं.
फवारा मार. दहा मिनिटं थांब.
घासू नको, टिप.
टॉवेलची घडी बदलत टिप,
ताप आलेल्याचं कपाळ टिपतात तसं.
एका गादीवर बोंडूचा डाग होता.
त्याला मी नमस्कार केला
आणि गादी उलटी टाकली.

मग गालिचा.
खालून कुणीतरी मांजरपाट शिवलेला,
जुना, चहाच्या रंगाचा.
कोपऱ्यातले चार टाके उसवले,
एक धागा उपटला,
बाल्कांवात जाऊन लायटर पेटवला.

लोकर असली तर केस जळल्याचा वास येतो.
रेशमालाही तोच, आणि राख चिमटीत भुगा होते.
हा धागा आक्रसला.
मेणाचा वास सुटला,
टोकाला एक काळी, कडक गोळी उरली
मोहरीएवढी.

सगुणने माझ्याकडे पाहिलं.
गोळी मी खिशात टाकली.

हॉलमध्ये शापायचा फोटो होता,
कडक कॉलर, हातात काठी.
बंदरावर त्यांनाच कुणी गंडवलं,
की त्यांनी घराला,
की मधल्या कुठल्या पोराने खरा विकून
हा अंथरला आणि खाली मांजरपाट शिवला,
हे धाग्यावरून कळत नाही.
धागा फक्त स्वतःचं सांगतो.

प्लास्टिकला मशीन चालतं,
कोमट पाणी चालतं, अर्ध्या तासाचं काम.
मशीन आम्ही गाडीतून उतरवलंच नाही.
थंड पाणी घेतलं, थोडं व्हिनेगर,
माडाचं नव्हे, पांढरं, त्याचा डाग राहत नाही.
मऊ ब्रश, लव झुकते त्याच बाजूला.
दोन तास.
सगुणचे गुडघे भिजले, माझे दुखायला लागले.
बाई खुर्चीत बसून बघत होत्या,
मध्येच सांगत होत्या
कुठल्या फुलावर कोण रांगलं होतं.

पंखा लावला.
चहा संपायच्या आत लव कोरडी ठणठणीत.
"उद्या सकाळपर्यंत पाय ठेवू नका," मी म्हणालो,
"रेशीम आहे, वेळ लागतो."
बिलावर लिहिलं: गालिचा, एक.
दर प्लास्टिकचा.

बादल्या गाडीत ठेवताना खिडकीतून दिसलं:
दोना एर्मिंदा स्वयंपाकघराकडे निघालेल्या,
भिंतीला धरून, आडव्या पावलांनी,
चपला हातात.
कोपऱ्यापाशी थांबल्या,
जिथे माझे चार टाके जास्तच पांढरे होते.
अंगठ्याने काठ हलकेच चाचपला.
जरा वेळ तशाच उभ्या.
मग परत भिंत धरली.

पुलापर्यंत सगुण गप्प.
मग म्हणाला, "बोंडूचा डाग जातच नाही?"
"म्हणतात, काजूचा हंगाम सरला
की आपोआप जातो," मी म्हणालो.
"मी अजून गेलेला पाहिला नाही."