रकाना चौथा

मेस्तियाहून आलेल्या छापील कागदावर
चौथा रकाना अर्ध्या बोटाएवढा.
हुद्दा. एकाच शब्दात लिहावा.

मक्वाला पेनचं टोपण दातात धरून बसते.
बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत.
अकरा मुलं, प्रत्येकानं घरून आणलेलं एकेक लाकूड
(बेकाचं नेहमीसारखं ओलं)
आणि फक्त तिचंच ऐकणारी शेगडी.

सकाळी सहाला फावड्यानं पायवाट मोकळी करते
तिला काय म्हणतात?
आठला घंटा, नवाला भूमिती,
अकराला तेक्लेच्या दुखऱ्या दाढेत लवंग,
दुपारी नळाच्या गोठलेल्या मानेवर उकळतं पाणी,
आणि राजधानीतून फोन आला की
हो, इंटरनेट आहे, असं
जवळजवळ खरं बोलणं.
अर्ध्या बोटात हे मावायचं कसं?

तपासनीस येतात ते म्हणतात, काल्बातोनो दिरेक्तोरो,
बाईसाहेब, मुख्याध्यापक!
तेव्हा ती मागे वळून बघते,
आपल्यामागे कोण येऊन उभं राहिलं.

तिथल्या भाषेत शिक्षक म्हणजे मास्त्सावलेबेली.
माझ्या मराठी कानाला त्यात मधेच एक सावली ऐकू येते.
ती तिथे नाही, ठाऊक आहे मला,
तरी क्षणभर तिच्यात बसून घेतो.
शिकणारा तो मोस्त्सावले.
धातू तोच, तोंडाचा आकार जरा बदललेला,
जसं आपल्यात शिकणं आणि शिकवणं
एका 'व'च्या अंतरावर शेजारी राहतात
आणि रात्री-बेरात्री एकमेकांचं दार वाजवतात.

मुलांना एवढा लांब शब्द परवडत नाही.
गणित अडलं, नाक वाहिलं, गेगीनं चिमटा काढला
की हाक येते : मास!
मास्तर म्हणता म्हणता दम तुटावा
आणि जिभेवर उरावं तेवढंच.
गंमत म्हणजे त्यांच्या व्याकरणात हेच सर्वनामही आहे.
त्याला. तिला.
आपली चतुर्थी,
काही द्यायचं असतं तेव्हाची विभक्ती.

शेवटच्या बाकावर इव्लियाने.
वय एक्क्याऐंशी, पस्तीस वर्षं या शाळेचा मुख्य.
मक्वालाचं पहिलं अक्षर यानंच गिरवून घेतलं,
डाव्या हातानं गिरवते म्हणून मारलं नाही
त्या काळात.
हल्ली घरचा रस्ता विसरतो, शाळेचा नाही.
लोकरीची टोपी मांडीवर ठेवून बसतो.
मास! म्हटलं की दोन माना वर होतात.
मुलं आधी हसायची,
आता ज्याची मान आधी वर त्याला विचारतात.
सातचा पाढा त्याला अजून येतो,
सुनेचं नाव येत नाही.

आज भागाकार चालू असताना
इव्लियानेनं हात वर केला,
कोपर बाकावर टेकलेलं, बोटं जुळवलेली,
पन्नास वर्षांपूर्वी त्यानंच सगळ्यांना शिकवला होता तसा.
मास, म्हणाला तिला,
मी बाहेर जाऊन येऊ?

खडू होता तिथेच राहिला.
वर्गात कुणी हसलं नाही. गेगीसुद्धा.

टोपी घाला, मक्वाला म्हणाली, कान झाकून.
बेका, सोबत जा रे, पायरी निसरडी आहे.

मग उरलेला भागाकार. बाकी तीन.

संध्याकाळी चौथ्या रकान्यात तिनं लिहिलं : दिरेक्तोरी.
पगार त्या शब्दाला येतो.
रस्ता उघडेल तेव्हा कागद खाली जाईल,
मंगळवारी, किंवा त्याच्या पुढच्या.
शाई लवकर वाळेना.
बेकाचं लाकूड अजून धुमसत होतं.