दहा सेकंद मागे

तपकीर गल्लीत तीन शनिवार घालवून
मी हा डबा जमवला.
कुठल्या तरी ऑफिसातून मोडीत निघालेला बोर्ड,
निसारच्या दुकानातला ब्लू-रे ड्राइव्ह
("चालला तर चालला, परत आणायचा नाही"),
आणि आत एक फुकटातली प्रणाली,
जिची ओळ न् ओळ
कुणालाही उघडून बघता येते.

बाबांना हे शेवटचं पटलं.
"म्हणजे ड्रॉइंग सोबत देतात," ते म्हणाले,
"मग माल बरा असणार."

चौतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात, गेज तपासणीत.
शेजारच्या शेडमधल्या प्रेसनी
त्यांचे दोन्ही कान नेले,
दरमहा थोडे थोडे, पगारातून कापल्यासारखे.
आता टीव्हीवरची माणसं नुसती तोंडं हलवतात.
म्हणून हा खटाटोप:
इथे अक्षरं मोठी करता येतात, पिवळी करता येतात,
ओठांच्या मागेपुढे सरकवता येतात.

डिस्क घातली. गरगरली. थांबली.
पडद्यावर एक ओळ: किल्ली सापडली नाही.

बाबांनी वाचली,
आणि स्वतःचा आवाज माहीत नसलेल्या माणसाच्या आवाजात विचारलं,
"विकत घेतली ना आपण?"
मी मान हलवली.
"पावती आहे?"
आहे.
"मग कुलूप कुणाचं?"

याचं उत्तर पाटीवर लिहून द्यावं लागलं असतं.
पाटी लहान होती.

साडेअकरापर्यंत मी काळ्या खिडकीत टाइप करत राहिले.
तीच चूक, तीच चूक,
मग एक नवी चूक,
म्हणजे घोडं थोडं पुढे सरकलं.
बाबा स्टुलावर, तळहात डब्यावर,
पूर्वी लेथच्या बेअरिंगवर ठेवायचे तसा.
"फिरतंय. पण उजवीकडचा पंखा घासतोय."
घासत होता.
त्यांनी सांगेपर्यंत मला तो ऐकू आला नव्हता.

किल्ल्यांची फाईल होती, पण नावात एक अक्षर चुकलं होतं.
ते सुधारलं
आणि बोपोडीच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत
कुठल्या तरी थंड देशातली पहाट झाली.

अक्षरं उशिरा येत होती.
मिटलेल्या तोंडाखाली वाक्य उमटायचं.
बाबा बोटानं सांगत गेले: पुढे. अजून. केसभर अजून.
आठशे मिलिसेकंदांवर हात वर केला:
"गो."
निवृत्तीनंतर हा शब्द
मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

नायिका खूप रडली. बाबा ढिम्म.
चाळिसाव्या मिनिटाला नायक भावाला भेटायला
वर्कशॉपमध्ये जातो,
दोघं भांडतात, कुणाच्या तरी जमिनीवरून,
आणि त्यांच्या मागे, कोपऱ्यात,
नाव नसलेला एक पोरगा शाफ्ट मोजतो आहे.

"मागे घे."
दहा सेकंद मागे.
"परत."
दहा सेकंद मागे.
"थांबव."

बाबा उठून पडद्यापाशी गेले,
चष्मा कपाळावर सारला.
चित्र इतकं स्वच्छ की मायक्रोमीटरवरच्या रेघा मोजता येत होत्या.
"मूठभर आवळून धरलाय. हाताची ऊब लागते, माप चुकतं.
आणि रॅचेट फिरवायचं सोडून हा आपला पिळतोय."
त्यांनी काचेवर त्या पोराच्या अंगठ्याशी
आपला अंगठा नेला,
जरासा सैल करून दाखवला.
मग मला म्हणाले, चालू कर,
आणि तो दिसेनासा होईपर्यंत
तिथेच उभे राहिले, भांडणाऱ्या भावांच्या आड.

पुढचा दीड तास त्यांनी कशासाठी बघितला
मला माहीत नाही. पोरगा परत आला नाही.

सकाळी आईनं चहा ओतताना पाटीवर लिहिलं:
कसा होता सिनेमा?

बाबांनी बशी खाली ठेवली.
"एक मुलगा होता," ते म्हणाले.
"हुशार होता. कुणी शिकवलंच नाही त्याला."