रकाना क्रमांक सात

बढतीचा अर्ज कंपनीने यंदा ऑनलाइन केलाय.
नाव, हुद्दा, रुजू दिनांक भरून झालं,
सातव्या रकान्यापाशी मी मघापासून अडलोय:
शैक्षणिक पात्रता. शेजारी लाल तारा.
यादीत बी.ई., एम.सी.ए., बी.एस्सी., डिप्लोमा,
त्याखाली काही नाही.
यादी माझ्याच हातची.
ताराही मीच लावला, मार्चमध्ये,
एचआरच्या बाई म्हणाल्या म्हणून, दहा मिनिटांत.

खिडकीबाहेर उद्यमबाग. दोन नंबरच्या शेडमध्ये रस ओततायत.
काच तांबडी होते, विझते.

बारावीला फिजिक्सने धरलं. दोनदा.
बाबा म्हणाले, सँड प्लांटला ये, मिस्त्रीशी बोलतो.
मी गेलो कोर्टासमोर,
होनगेकरांच्या टायपिंगच्या खोपटात.
सकाळी कन्नडमधून अॅफिडेव्हिटं,
दुपारी मराठीतून लग्नपत्रिका,
कीबोर्ड एकच, अक्षरं पुसलेला.
एकदा मुचंडीच्या एका वराचं नाव
छापखान्यात पोचेस्तोवर चौकोन-चौकोन झालं.
वराचा मामा दुकानात येऊन नाचला.
होनगेकर म्हणाले, मशीन बिघडलं असणार.
मला ते चौकोन झोपू देईनात.
अक्षर म्हणजे आत नुसता आकडा,
फॉन्ट बदलला की त्याच आकड्याचा
भलताच कुणी होतो,
हे कळायला अकरा रात्री गेल्या.
बाराव्या रात्री वर आपल्या नावानं उभा राहिला.
तोवर पत्रिका वाटून झाल्या होत्या.

मग तो शनिवार.
सर्व्हर बसला, चलन निघेना, गेटवर चौदा ट्रक.
पुण्याचा इंजिनियर म्हणाला, सोमवारी बघू.
कुणीतरी म्हणालं, नागोजीचं पोर करतंय की कॉम्प्युटरचं.
बाबा मला घेऊन आले, अंगावर वाळू तशीच,
आणि सर्व्हर रूमबाहेर चप्पल काढून
पहाटेपर्यंत उभेच राहिले.
चार वाजता पहिलं चलन निघालं.
नोकरी लागली. हजेरीपटावर हुद्दा: हेल्पर.
मला बसेल असा दुसरा शब्द नव्हता त्यांच्याकडे.

हंपण्णवर आला तेव्हा त्याच्याकडे सुवर्णपदक होतं,
केबलला टोक लावता येत नव्हतं.
तो कन्नडमधून विचारी, मी मराठीतून सांगे,
केबल दोघांचंही ऐके.
आता तो माझा मॅनेजर.
माणूस वाईट नव्हे.
माझ्या रजेवर सही करताना खाली बघतो, एवढंच.

देसूरला पाहुणे विचारतात, काय शिकलास गा?
मी म्हणतो, कंपनीत कॉम्प्युटरला आहे.
जसं कुणी पोस्टाला असतं, गिरणीला असतं.
विषय चहावर जातो.

डिप्लोमा निवडता येईल. एक क्लिक.
खरं-खोटं तपासणारा प्रोग्रामही मीच लिहिलाय,
तो मला काय विचारणार.

हंपण्णवरला फोन लावला. झोपेतला आवाज.
त्याने सगळं ऐकलं. बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.
मग म्हणाला, तगी अदन्न.
काढून टाक ते.
ते म्हणजे काय, अर्ज की तारा,
मी विचारलं नाही.

एक ओळ पुसली. तारा गेला.
सगळ्यांचाच गेला.
स्टोअरमधल्या सुलभा पाटणेचाही,
जिने रजिस्टरांचा ढीग एकटीने एक्सेलमध्ये उतरवला
आणि जी अजून चहाचे कप मोजते.

बदलाची नोंद ठेवावी लागते. नियम माझाच.
कोणी केला: प. ना. देसूरकर.
केव्हा: ०१.५२.
कारण: इथंही तारा आहे.

बाहेर पुन्हा रस ओतला, काच तांबडी झाली.
लिहिलं, 'चुकून मी लावला होता.'
वाचून बघितलं.
'चुकून' काढलं.