पांढरे केस

रामाबिट्सा खोगीर स्वतःच्या पाठीवर घेऊन चढ चढून आला,
घोडी मागून मोकळीच.
तेव्हाच कळलं, भांडण होणार.

सेमोंकाँगला माझं दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली,
दाभण, मेणाचा गोळा, छताला टांगलेल्या रिकिबी.
बाहेर जूनचं बर्फ.
"हे वेल्कमच्या खाणीतल्या अकरा महिन्यांच्या पगाराचं,"
तो ब्लँकेट झटकत म्हणाला,
"हिला बसत नाही, म्हणजे खोट हिच्यातच."

हिला म्हणजे लेरोलेला. नावाचा अर्थ धूळ,
रंगही तोच,
पाठ मात्र पावाच्या लादीसारखी रुंद.

मी कुंपणाची तार घेतली,
तिच्या खांद्यामागे वाकवली,
न हलवता उचलली, जमिनीवर ठेवून कोळशानं आखली.
शेजारी आखली खोगिराची कमान.
एक दरी. एक भेग.
न्थाटिसी, त्याची मुलगी, ओणवी होऊन बघत होती.
"बाबा, हे तुमचे बूट मी घालण्यासारखं आहे."
"माझ्या बुटांना काय झालंय?"

मग तिनंच विचारलं, आणि मी सांगत गेलो.
कण्यावर खोगीर टेकू नये,
मागून वाकून पाहिलं तर उजेड आरपार दिसावा.
तंग आवळला की पुढचे पाय एकेक उचलून ताणायचे,
चिमटीत सापडलेलं कातडं सुटतं.
लगामाचं लोखंड आधी आपल्या काखेत.
लहानपणी ज्यानं गोठलेल्या बादलीची कडी चाटलीय
त्याला हे सांगावं लागत नाही.
चामड्याला मेंढीची चरबी, बोटाला लागेल तेवढीच,
आणि शेकोटीपासून लांब.
शेकोटीशी वाळवलेला पट्टा तुटतो,
पण घरी नाही,
नेमका कड्यावर.

पाठीवर पांढरं फडकं, वर खोगीर,
न्थाटिसी धबधब्यापर्यंत जाऊन आली.
फडकं उचललं तर घामात दोन कोरडी बेटं.
"बघ, कोरडी आहे," म्हातारा खूश.
कोरडी, कारण तिथं घामालाही वाट नव्हती.

"त्लादी सतरा वर्षं ह्याच खोगिराखाली होता,"
तो म्हणाला, "एक दिवस लंगडला नाही."

त्लादी मला आठवतो.
काळाभोर, आणि खांद्याच्या दोन्ही अंगांना
पांढऱ्या केसांचे ठिपके, रुपयाएवढे.
लोक म्हणायचे जन्मखूण, शुभ असते.
जखम बुजते तिथं केस पांढरे उगवतात.
हे मला फार उशिरा कळलं.
ते खोगीर पहिल्यांदा मीच भरलं होतं,
हात नवा, टाके सरळ,
लोकर दगडासारखी ठासलेली.
टाक्यांचं केवढं कौतुक होतं मला.

सांगून टाकलं.
तो बराच वेळ रिकिबीला झोका देत बसला.
"तंग आवळताना तो चावायचा," म्हणाला.
"हो."
"मी त्याला तापट म्हणायचो."
"सगळेच म्हणायचो."

मग त्यानं दाभण माझ्या हातात ठेवली.
"उसव. कमान नवी घाल. चामडं तेच राहू दे."

आतून लोकर निघाली, पिवळी, ढेकळांची.
खोगीरभरती म्हणून हिणवतात ना बिनकामाच्या गोष्टीला?
इथं पाठ तिच्यावरच तरते.
न्थाटिसी नवी लोकर पिंजायला बसली,
एकेक काडी, एकेक कुसळ वेचत,
नखाएवढी गाठ लागली तरी थांबून.
म्हातारा दारात,
घोडीच्या पाठीवर तळहात पसरून,
दाबत नव्हता, नुसता ठेवून.
ती कान मागे पाडते का, बघत होता.

पैशांचं बोलणं राहून गेलं.